सुलोचनादीदी आपल्याकडच्याच की!

प्रश्न : आमची आजी म्हणती सिनेमातल्या सुलोचनाबाई आपल्या निपाणीकडच्या. ऑफिसात सांगितलं तर सगळे म्हणाले छे, त्या कोल्हापूरच्या, आणि एकजण तर म्हणाला लावणी म्हणायच्या त्याच की त्या. खरं काय? आणि बघावं तेव्हा त्या आईच कशा काय असायच्या?
— एक वाचक, चिकोडी

उत्तर : आजींचंच खरं, ऑफिसात जाऊन ठणकावून सांगा! सुलोचना लाटकर, सगळ्यांच्या सुलोचनादीदी, ३० जुलै १९२८ ला खडकलाटला जन्मल्या. निपाणीजवळचं, आपल्या बेळगाव जिल्ह्यातलं गाव, आणि तेव्हा हा जिल्हा मुंबई इलाख्यात होता, म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला तो १९५६ ला. लावणीवाल्या त्या सुलोचना चव्हाण, त्या वेगळ्या. मूकपटातल्या सुलोचना म्हणजे रूबी मायर्स, त्या तर आणखी वेगळ्या.

कोल्हापूरचं म्हणतात तेही उगीच नाही. दीदी घडल्या तिथंच, सिनेमा दिग्दर्शक भालजी पेंढारकरांच्या हाताखाली, जयप्रभा स्टुडिओत. खेड्यातली पोर, बोलणं आपल्यासारखंच खेडवळ, त्याला लोक हसायचे, पण भालजींनी वाचून घेऊन, म्हणून घेऊन तिची भाषा तयार केली आणि सुलोचना हे नावही त्यांनीच दिलं. आपल्या बोलीला हसणारे आजही भेटतातच, म्हणून मला दीदींच्या सगळ्या गोष्टींत ही सगळ्यात जवळची वाटते. ज्या बोलण्याला हसले त्याच तोंडून पुढं 'मराठा तितुका मेळवावा' (१९६४) मध्ये जिजाऊ बोलल्या, अजून काय पाहिजे!

आता आईचं. त्या सुरुवातीपासून आई नव्हत्या हो, 'मीठभाकर', 'वहिनींच्या बांगड्या' (१९५३) बघा, नायिका आहेत, आणि त्या वहिनी तर घराघरातल्या बायकांना आपल्याच वाटल्या. पण १९५९ ला हिंदीत 'सुजाता' आला त्यात नूतनला पोरीसारखं वाढवणारी आई दीदीच, वय जेमतेम तिशीचं, आणि नूतन त्यांच्यापेक्षा ८ वर्षांनीच लहान. त्याच वर्षी 'दिल देके देखो'त शम्मी कपूरची आई झाल्या, तो तर ३ वर्षांनीच लहान! तरण्याताठ्या वयात केस पांढरे करून उभं राहायचं, नायिकेची जागा सोडायची, हे सोपं नाही बघा, पण त्यांच्या डोळ्यांत अशी माया होती की वय कुणी मोजलंच नाही. मराठीत 'मोलकरीण' (१९६३) आणि 'एकटी' (१९६८), दोन्हीत आईच, आणि दोन्ही बघताना रुमाल जवळ ठेवा.

१९९९ ला पद्मश्री, २००९ चा महाराष्ट्र भूषण. ४ जून २०२३ ला मुंबईत गेल्या, ९४ वर्षांच्या होऊन.

आजींना एवढं विचारा, 'वहिनींच्या बांगड्या' त्यांनी कुठं बघितला, थेटरात की तंबूत, आणि काय सांगतील ते आम्हाला लिहून पाठवा.