कापूस वेचणीच्या दिवसांत बायबल कधी वाचावं?

भाऊ, वर्षभरात अख्खं बायबल वाचून काढायचा नेम आताच धरू नको. मीही धरला होता. लेवीय या पुस्तकातल्या यज्ञविधींत अडकलो, अन् पुस्तक पुन्हा उघडलं ते थेट नाताळात. मार्कच्या शुभवर्तमानापासून, म्हणजे येशूच्या जीवनकथेपासून लाग, 16च अध्याय आहेत. सोबत नीतिसूत्रे हे पुस्तक, त्यात 31 अध्याय आहेत, तारखेप्रमाणे रोज एक, म्हणजे आज 12 तारीख तर बारावा. एखादा दिवस हुकला तर हुकला, मागचं ओझं वाहायचं नाही.

कापूस फुटला की रात्री डोळे उघडे राहत नाहीत. मी पहाटे, मोटारीला लाइन येईपर्यंत, धुऱ्यावर बसून वाचतो. पानांवर मातीची बोटं उमटलीत, उमटू दे.

रविवार उपासनेचा, मान्य. पण लेकरांना दर वेळी ‘पुढच्या रविवारी जाऊ’ म्हणू नको. उपासना आटोपली की डबा घेऊन निघायचं. एकदा चिखलदऱ्याला जाताना मी गाडीत प्रवचन लावलं, तर बायको म्हणाली, "पाळकसाहेब, जरा खिडकीबाहेर बघा!" मग भीमकुंडापाशी डोंगरातून वाहणाऱ्या झऱ्यांचं 104वं स्तोत्र म्हटलं. धाकटीला तेवढंच पाठ आहे.

थंडीत शेतावर हुरडा ठेव. शेंगदाण्याची चटणी विसरू नको.