पुढच्याचा टेललाइट बघत घाट चढू नका

प्रश्न : दादा नमस्कार. मी जुळे सोलापूरचा, वय 24, गाडी 200 सीसी. आम्ही पाच मित्र पाच गाड्या घेऊन मागच्या महिन्यात पहाटे निघालो, महाबळेश्वर करून रात्री परत आलो. पसरणी घाटात एका डाव्या वळणावर माझी गाडी वळेचना, सरळ मधल्या पट्टीच्या पलीकडं गेली आणि समोरून एसटी, त्या ड्रायव्हरनं ब्रेक मारला म्हणून मी आज लिहितोय. बाकीचे पुढं निघून गेले होते. वर पोचलो तर म्हणाले, काय बे, किती उशीर. मी काहीच बोललो नाही. आता आंबा घाटाचं चाललंय. वळणात मित्रांच्या स्पीडला यायला काय शिकू?

उत्तर : मित्रा, आधी ही एसटीची गोष्ट त्या चौघांना सांग. आंबा घाटाच्या आधी, समोर बसून, चहा पिताना. त्यांना वाटतंय सगळं मस्त झालं आणि त्याच हिशोबानं ते पुढचा प्लॅन करतायत, त्यात त्यांची चूक नाही, त्यांना माहितीच नाही.

आता तुझा प्रश्न. त्यांच्या स्पीडला यायचं हे डोक्यातून काढून टाक. मी पण असाच पडलोय, कुंभार्ली घाटात, कराडकडून चिपळूणला उतरताना. माझ्या पुढचा मित्र माझ्यापेक्षा चांगला चालवायचा आणि मी रस्ता बघतच नव्हतो, त्याचा टेललाइट बघत होतो, तो लाल झाला की मी ब्रेक दाबायचो, तो वळला की मी वळायचो. एका वळणावर कडेची बारीक खडी आत आली होती, तो हलक्या हातानं त्यावरून निघून गेला आणि मी नेमका तिथंच पुढचा ब्रेक दाबला. उठलो तेव्हा गाडी आडवी, इंजिन चालूच, मागचं चाक हवेत फिरतंय, टाकीच्या झाकणातून पेट्रोल ठिबकतंय आणि डावा हात वर उचलत नव्हता. कॉलरबोन. मित्र पुढं पाच-सहा किलोमीटर जाऊन थांबला होता, मी का येत नाही म्हणून वाट बघत.

आपली सोलापूरकरांची एक अडचण आहे ती ओळख. आपण गाडी शिकतो ती सरळ रस्त्यावर. पुणे रोड घे, विजापूर रोड घे, हैदराबाद रोड घे, हँडल न हलवता तास-तास जाता येतं. तुझ्या मागच्या टायरवर हात फिरव, मधला पट्टा सपाट झालेला लागेल आणि दोन्ही बाजूंना नक्षी अजून नव्यासारखी असेल. असा चौकोनी झालेला टायर घाटात कलताना आधी अडतो आणि मग एकदम पडल्यासारखा कलतो, तिथंच माणूस घाबरतो आणि हँडल ताठ धरतो. तुझ्या टायरचं तसं झालं असेल तर आंबा घाटाच्या आधी बदल, हवा कंपनीनं सांगितलेली ठेव आणि ती टायर गार असताना भर.

वळणात बघायचं कुठं हे खरं शिकण्यासारखं आहे. रस्त्याचे दोन काठ लांब जिथं एकमेकांना भिडलेले दिसतात तिथं नजर ठेव. तो बिंदू तुझ्याकडं सरकत येतोय म्हणजे वळण आवळत चाललंय, स्पीड कमी कर. जागेवरच आहे तर आहे तो स्पीड ठेव. लांब पळायला लागला म्हणजे वळण उघडतंय, आता हळूच रेस दे. जेवढा रस्ता मोकळा दिसतोय तेवढ्यात थांबता आलं पाहिजे, एवढाच आपला स्पीड, मित्राचा कितीही असो. आणि एसटी दिसल्यावर तू एसटीकडंच बघत राहिला असशील, सगळ्यांचं तसंच होतं, गाडी नजरेच्या मागं जाते, म्हणून नजर मुद्दाम उचलून वळणाच्या शेवटाकडं न्यायची सवय लावायला लागते.

ब्रेक आणि गियर दोन्ही वळणाच्या आधी, गाडी कललेली नाही तोवर. वळणात शिरल्यावर रेस हलकी आणि एकसारखी. आणि स्पीडमध्ये गाडी डावीकडं वळवायची तर हँडलची डावी मूठ पुढं ढकलायची, हलकेच. ऐकायला उलटं वाटतं पण गाडी त्यानंच डावीकडं कलते. त्या दिवशी तू घाबरून नेमकी उजवी मूठ दाबली असशील किंवा दोन्ही हात आवळले असशील, मग गाडी कशी वळणार. हे घाटात शिकायचं नाही. रविवारी सकाळी एखादा मोकळा रुंद रस्ता बघ, 40 च्या स्पीडला सरळ जाताना एकदा डावी मूठ, एकदा उजवी, नुसतं बोटानं दाबल्यासारखं करून बघ. पाच-सहा रविवार कर. मग तुळजापूरचा घाट, तो छोटा आहे पण पहाटे चार वेळा वर-खाली केलास की हाताला कळायला लागतं.

ग्रुपसाठी मी आता एकच पद्धत पाळतो आणि ती न पाळणाऱ्याबरोबर जात नाही. सगळ्यात हळू चालवणारा दुसऱ्या नंबरवर, म्हणजे पुढच्याला आरशात तो कायम दिसतो आणि ग्रुपचा स्पीड त्याच्यावर ठरतो. सगळ्यात अनुभवी माणूस शेवटी. सरळ रस्त्यावर तिरप्या रांगेत चाललं तरी घाटात एकामागं एक, मध्ये भरपूर अंतर आणि आपापसात ओव्हरटेक नाही. आणि ज्याच्या त्याच्याकडं आपल्या मागच्याची जबाबदारी, कुठलाही फाटा आला की मागचा आरशात दिसेपर्यंत तिथंच थांबायचं. म्हणजे कुणाला कुणाच्या मागं पळावं लागत नाही. तू मागं राहिलास तर रस्ता चुकणार नाहीस आणि पडलास तर दोन मिनिटांत कळेल.

आणखी एक. महाबळेश्वर आपल्यापासून एका बाजूनं पावणेतीनशे ते तीनशे किमी, आंबा घाट पण जवळपास तेवढाच. एका दिवसात जाऊन-येऊन म्हणजे घाट लागतो तेव्हा तू आधीच पाच-सहा तास सरळ गाडी चालवून बधिर झालेला असतोस. कोल्हापुरात मुक्काम करा, सकाळी ताजे होऊन घाट करा. खर्च वाढेल, वाढू दे.

प्रश्न : माझा मुलगा 22 वर्षांचा आहे, दर रविवारी मित्रांबरोबर गाडी घेऊन लांब जातो. तो घरी येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. बंद करायला सांगू का? – एक आई, होटगी रोड

उत्तर : ताई, बंद करा म्हणालात तर तो न सांगता जाईल, आणि ते जास्त वाईट. तो सांगून जातोय तोवर तुमचं ऐकतोय असं समजा. दोन गोष्टींवर मात्र अजिबात सोडू नका. एक म्हणजे हेल्मेट आयएसआयचं आणि पट्टा हनुवटीखाली लावलेला, नुसतं डोक्यावर ठेवलेलं हेल्मेट पडताना आधी निघून जातं. आणि अंधार पडायच्या आत घर.

दुसरं का म्हणतोय सांगतो. आई-वडिलांना घाटाची भीती वाटते पण मला आपल्या भागात जास्त भीती वाटते ती परतीच्या रस्त्याची. दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले की पंढरपूर, मंगळवेढा, मोहोळ सगळीकडं उसाच्या ट्रॉल्या, एका ट्रॅक्टरला दोन-दोन, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलानं किंवा लोंबणाऱ्या उसानं झाकलेला. समोरच्या गाडीचा लाइट डोळ्यावर आला की ती काळी ट्रॉली अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. दिवसभर गाडी चालवून दमलेला पोरगा, शेवटचे 50 किलोमीटर, घर जवळ आलं म्हणून वाढलेला स्पीड. हे त्याला माझं नाव सांगून वाचायला द्या.

आणि ताई, तुम्ही सारखा फोन करू नका. खिशात फोन वाजला की पोरं चालत्या गाडीवर एक हात सोडून बघतात. त्याच्याशी ठरवून घ्या की चहाला, जेवायला, पेट्रोलला थांबला की तो स्वतः मेसेज करेल. 108 नंबर त्याच्या सगळ्या मित्रांच्या फोनमध्ये सेव्ह असू दे, आणि त्याचा रक्तगट आणि तुमचा नंबर एका चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवा, कारण फोनला लॉक असतो.

प्रश्न : सोलापूरहून अर्ध्या दिवसात होईल, थोडी वळणं असतील असा रूट सांगा. बायको मागं बसणार आहे.

उत्तर : सोलापूर–तुळजापूर–नळदुर्ग–सोलापूर, सगळं मिळून साधारण 130 किमी. उन्हाळ्यात उजाडायच्या आधी निघा, दहानंतर आपल्याकडं डांबर पण तापतं आणि डोकं पण. तुळजापूरचा घाट, आईचं दर्शन, मग नळदुर्गचा किल्ला निवांत बघा. बोरी नदीवरच्या बंधाऱ्यातला पाणीमहाल बघायचाच, पावसाळ्यात नदी भरून वाहिली तर नर-मादी धबधबे पण मिळतील, पण तेव्हा दगड शेवाळलेले असतात, जपून. वहिनींना पण पूर्ण हेल्मेट आणि बंद बूट द्या, ओढणी किंवा पदर नीट खोचून घ्यायला सांगा, चेनमध्ये अडकतो. वळणात गाडी कलली की घाबरून उलट्या बाजूला कलायचं नाही, तुमच्या खांद्यावरून वळणाच्या आतल्या बाजूला बघायचं, एवढं त्यांना निघायच्या आधीच सांगा. मागं वजन वाढलं की ब्रेक लागायला जास्त अंतर लागतं हे लक्षात ठेवा, आणि मागच्या टायरची हवा दोघांच्या हिशोबानं भरा, आकडा बहुतेक गाड्यांच्या चेनकव्हरवरच्या स्टिकरवर असतो.