पश्चात्ताप, पस्तावा आणि तोबा

प्रश्न असा आला आहे: "ख्रिस्ती मंडळीतल्या उपदेशात कधी 'पश्चात्ताप करा' असं ऐकतो, कधी 'पस्तावा व्हायला हवा' असं. हे दोन्ही एकच का? आणि लिहायचं कसं, पश्चाताप की पश्चात्ताप?"

लेखनाचं आधी उरकतो. पश्चात् अधिक ताप, म्हणजे दोन त. एक त गिळलेला 'पश्चाताप' छापील पत्रकांवरही दिसतो, आणि दर वेळी खुपतो. 'प्रायश्चित्त' या शब्दातही शेवटी दोन त आहेत, पण तो शब्द वेगळा, त्याचा अर्थही वेगळा. त्याला इथे ओढू नये.

पस्तावा हा पश्चात्तापाचाच घरगुती अवतार आहे. संस्कृतातला 'श्च' प्राकृतात 'च्छ' झाला. हिंदीने तो 'छ' म्हणून ठेवला, मराठीने त्याचा 'स' केला. हिंदीत छुरी, मराठीत सुरी. हिंदीत मछली, मराठीत मासळी. हिंदीत छाल, मराठीत साल. तसंच हिंदीत पछतावा आणि मराठीत पस्तावा. कुळ एकच. पण आज 'चुकीची गाडी पकडली' याचा पस्तावा होतो, पश्चात्ताप होत नाही. एवढा फरक सगळ्यांना कळतो, त्यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

बोलायचं आहे ते पुढचं. 'पश्चात्ताप म्हणजे केलेल्या पापाबद्दल मनापासून रडणं' ही व्याख्या मी इतक्या वेळा ऐकली आहे की आता संताप होतो. शब्दाकडे पाहिलं तर चूक समजण्यासारखी आहे, कारण आपल्या शब्दात तापच आहे: मागाहून होणारी जळजळ. पण नव्या करारातल्या ज्या ग्रीक शब्दासाठी तो मराठी बायबलात योजला, त्या 'मेटानोया'त ताप नाही, अश्रू नाहीत, 'हाय हाय' नाही. 'मेटा' इथे पालट दाखवतो आणि 'नूस' म्हणजे मन, समज. मेटानोया म्हणजे मनपालट. हा काही माझा शोध नव्हे. तेर्तुल्यान या जुन्या ख्रिस्ती लेखकाने तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवलं होतं की ग्रीकात हे नाव अपराधाच्या कबुलीवरून नाही, मन बदलण्यावरून पडलं आहे.

मग घोळ कुठे झाला? बायबलच्या लॅटिन भाषांतरात. तिथे येशूच्या तोंडी 'पेनितेन्तियाम आगिते' असे शब्द आले आणि मध्ययुगात त्यांचा अर्थ 'प्रायश्चित्ताची कृत्यं करा' असा घेतला जाऊ लागला. त्यात भर घातली सेव्हिलचा बिशप इसिदोर याने. सातव्या शतकातल्या आपल्या व्युत्पत्तिग्रंथात त्याने 'पेनितेन्तिया' हा शब्द 'शिक्षा करणे' या क्रियापदावरून आला असं ठोकून दिलं. साफ चूक. 'पेना' म्हणजे दंड आणि 'पेनितेत' म्हणजे खंत वाटते. हे दोन वेगळे शब्द केवळ कानाला सारखे लागले म्हणून त्याने त्यांची सोयरीक लावली. कानावर विसंबून व्युत्पत्ती सांगणाऱ्याने किती नुकसान करावं! पश्चात्ताप म्हणजे स्वतःला शिक्षा, ही समजूत कित्येक पिढ्यांच्या मनात रुजायला त्याचा हातभार लागला. पंधराव्या शतकात लोरेन्झो व्हाल्ला या भाषापंडिताने मूळ ग्रीक समोर ठेवून या लॅटिन भाषांतरावर बोट ठेवलं. 1517 मध्ये धर्मसुधारक लूथरने आपल्या 95 प्रबंधांतला पहिलाच प्रबंध याच शब्दावर लिहिला: 'पश्चात्ताप करा' म्हणताना प्रभूला विश्वासणाऱ्याचं अख्खं आयुष्य पश्चात्तापाचं व्हावं असं हवं होतं. एका शब्दाच्या अर्थावरून युरोप हलला, आणि आपण अजून रुमाल काढतो आहोत.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 27व्या अध्यायात येशूला पकडून देणारा यहूदा त्याबद्दल मिळालेले तीस रुपये परत करतो. तिथे ग्रीकात 'मेटानोया' नाही. तिथे 'मेटामेलोमाय' आहे, म्हणजे मागाहून वाईट वाटणं. पस्तावा हा शब्द इथे नेमका बसतो. यहूदाला पस्तावा झाला, पैसेही त्याने फेकून दिले, आणि तो मरणाकडे गेला. रडणं हीच कसोटी असती तर तो उत्तीर्ण झाला असता. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (7:10) तर दुःख आणि पश्चात्ताप सरळ वेगळे केले आहेत: देवाला अनुसरून झालेलं दुःख पश्चात्ताप घडवतं. जे घडवतं ते आणि जे घडतं ते एकच कसं असेल?

यावर एक विद्वान आक्षेप ठरलेला आहे. 1961 मध्ये बायबलचे अभ्यासक जेम्स बार यांनी बजावलं की शब्दाच्या तुकड्यांवरून अर्थ ठरत नाही, वापरावरून ठरतो. तत्त्व मान्य. पण त्याचा आधार घेऊन 'म्हणजे मेटानोया हा शेवटी खेदच' म्हणणारे वापर तपासत नाहीत. तपासा ना. लूकच्या तिसऱ्या अध्यायात बाप्तिस्मा करणारा योहान पश्चात्तापाला शोभतील अशी फळं द्या म्हणतो. लोक विचारतात, आम्ही करावं काय? तो कोणालाच रडायला सांगत नाही. दोन अंगरखे असतील त्याने एक नसलेल्याला द्यावा. जकातदारांनी ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नये. शिपायांनी कोणाला नाडू नये, आपल्या पगारात समाधान मानावं. कपडे, पैसा, सत्ता. ज्याच्या हाती जे होतं, तिथेच त्याला वळायला सांगितलं. हा अध्याय मंडळीतून जितका वाचला जायला हवा, त्याच्या शतांशानेही वाचला जात नाही, ही माझी खरी तक्रार आहे. आणि जकातदार जक्कय! लूकच्या 19व्या अध्यायात तो अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि लुबाडलेलं चौपट परत करतो. त्या गोष्टीत 'पश्चात्ताप' हा शब्द एकदाही येत नाही, पण शब्दाचा अर्थ त्याच्याइतका कोणी समजावलेला नाही.

'वळणं' असं मी मुद्दाम म्हणालो. जुन्या करारातल्या संदेष्ट्यांचा इब्री (हिब्रू) शब्द 'शूव', म्हणजे मागे फिरणं, परतणं. रस्ता चुकलेला माणूस वळतो ते शूव. आता माझ्या आवडीची गोष्ट. इब्रीतला काही शब्दांमधला 'श' अरामीत 'त' होतो आणि अरबीत 'थ'. तीन या संख्येत पाहा: इब्री शालोश, अरामी त्लात, अरबी थलाथा. म्हणजे इब्री 'शूव'चा अरामी भाऊ 'तूब'. अरबीतला अस्सल भाऊ 'थ'ने सुरू व्हायला हवा आणि तसा तो आहेही: उर्दूतला 'सवाब', पुण्याईचा परतावा, तो त्याच धातूचा. पण अरबीत 'त'ने सुरू होणारा 'तौबा'ही आहे. तो नियमात बसत नाही, कारण तो अरामीतून उसना आलेला आहे. तोच फारसीतून आपल्याकडे 'तोबा' होऊन आला. 'तोबा गर्दी'तला तोबा! (घोड्याच्या 'तोबऱ्या'शी याचा काही संबंध नाही.)

येशूची बोली अरामी. तिच्याच बहिणीत, सिरियाकमध्ये झालेल्या जुन्या भाषांतरात मार्क 1:15, 'पश्चात्ताप करा व सुवार्तेवर विश्वास ठेवा', उघडून पाहा. पहिला शब्द 'तूबू', आपल्या तोब्याचं मूळ. दुसरा 'हैमेनू', आणि त्याचा धातू अ-म-न. त्याच धातूचं 'आमेन', त्याचंच अरबीमार्गे आलेलं आपलं 'इमान', आणि त्याचंच अमानतचं उलटापालट होऊन झालेलं 'अनामत', विश्वासाने कोणापाशी ठेवलेली ठेव. ज्या वाक्याने येशूच्या उपदेशाची सुरुवात झाली, त्यातल्या दोन्ही क्रियापदांचे नातेवाईक मराठीत रोज बोलले जातात, आणि उपदेशकांना त्याचा पत्ता नाही. तोबा करणं म्हणजे मराठीतही 'पुन्हा करणार नाही' म्हणून पाठ फिरवणं. तापापेक्षा हे मूळ अर्थाच्या कितीतरी जवळ आहे.

तेव्हा पस्तावा होऊ द्या, त्याला ना नाही. पण पुढल्या रविवारी उपदेशात 'पश्चात्ताप करा' ऐकलंत, तर पाळकांना लोकांनी योहानाला विचारलेलाच प्रश्न विचारा: आम्ही करावं काय?