प्रत्येक गोष्टीला तिचं वय विचार

प्रिय मुली,

तुझा मेल आणि पटकथेचा आराखडा, दोन्ही वाचलं. न्यूकॅसलला शिकायला गेलीस आणि सुट्टीच्या दिवशी हेड्रियनच्या भिंतीवर, रोमनांनी बांधलेल्या त्या जुन्या सरहद्दीवर, पायपीट करता करता ब्रिटनच्या दंतकथेतल्या आर्थर राजाच्या नादी लागलीस, याचं मला नवल वाटलं नाही. आराखडा बरा आहे का, तुला जमेल का, यावर मी काही लिहिणार नाही. ते तुझं तुला कळतं. मी बेचैन झालो ते तुझ्या शेवटच्या परिच्छेदामुळे. २००४ चा 'किंग आर्थर' हा चित्रपट तुला मनापासून आवडला, मग तुमच्या प्राध्यापकांनी त्याच्या चिंध्या केल्या, आणि आता तू विचारतेस, "सर, मी जादू सगळी काढून टाकलीय. मर्लिन आता नुसता वैदू आहे, तलवार म्हणजे बापाची तलवार. मग सुरुवातीला 'सत्य घटनेवर आधारित' लिहायला काय हरकत आहे? आणि हरकत असेल, तर हे लिहायचंच कशाला?"

हरकत आहे. आणि तरीही लिहायचं.

माझ्याकडे सांगण्यासारखं एकच आहे, आणि ते मी तुला कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे. कथेतल्या प्रत्येक गोष्टीला तिचं वय विचार. पात्राला विचार, मेजाला विचार, गावाला विचार: बाबा रे, तू पहिल्यांदा कुणाच्या लेखणीतून उतरलास, आणि कधी?

आर्थरचा शूरवीर लान्सलॉट, त्याच्यापासून सुरुवात कर, कारण तुझ्या आराखड्यात तो पहिल्याच पानावर आहे. हा गडी ठसठशीतपणे भेटतो तो १२ व्या शतकाच्या उत्तरार्धात, फ्रान्समध्ये, क्रेतियँ द त्र्वाच्या काव्यात. आर्थरच्या राजधानीचं कॅमलॉट हे नावही तिथलंच. आर्थरचे शूरवीर ज्याच्याभोवती बसतात ते गोलमेज ११५५ च्या सुमाराचं, वेस नावाच्या नॉर्मन कवीचं. गॅलहॅड हा दुसरा शूरवीर त्याहूनही धाकटा. आता चित्रपट घडतो कधी? इ. स. ४६७ मध्ये. म्हणजे भिंतीच्या आडोशाला दोन तलवारी परजत उभा असलेला तो लान्सलॉट अजून सातशे वर्षं जन्मायचा आहे. त्यांनी जादू काढली, सरोवरातली बाई काढली, आणि फ्रेंच दरबारी प्रेमकथेतले शूरवीर तसेच ठेवून त्यांना रोमच्या चाकरीतल्या, पूर्वेकडच्या सार्मेशियन घोडेस्वारांचे कपडे चढवले. जादू वजा केली की इतिहास उरतो, हा हिशेब कुणी शिकवला तुला? उरते ती बिनजादूची दंतकथा. तुझ्या आराखड्यात नेमकं हेच झालंय आणि ते तुला दिसत नाही, याचा मला राग येतो, कारण तुला दिसायला हवं.

मग खऱ्या आर्थरचं काय? त्यालाही वय विचार. ब्रिटन लोकांनी सॅक्सन आक्रमकांना हरवलं त्या बेडनच्या लढाईची आठवण असलेला धर्मोपदेशक लेखक गिल्डास ६ व्या शतकातला. तो लढाईचं नाव देतो, अँब्रोसियस ऑरेलियानस या सेनानीचं नाव देतो, आर्थरचं देत नाही. आर्थरच्या बारा लढायांची यादी येते ती 'हिस्टोरिया ब्रिटोनम' या लॅटिन इतिहासग्रंथात, ८३० च्या आगेमागे. त्यात तो राजाही नाही, लढायांचा सेनापती आहे; आणि बेडनला त्यानं एकट्यानं, एका चढाईत ९६० माणसं लोळवली असं लिहिलंय. ९६०! आपल्या पोवाड्यांवर वाढलेल्या तुला हा सूर ओळखता येऊ नये? तो शाहिराचा आकडा आहे, त्याला हिशेबनिसाकडे नेऊ नकोस.

आता, ज्याच्या जोरावर चित्रपट 'सत्य' म्हणवतो त्या कोरीव दगडाविषयी. चित्रपट सुरू होतानाच पडद्यावर अक्षरं येतात: इतिहासकारांचं एकमत आहे, नव्यानं सापडलेल्या पुरातत्त्वीय पुराव्यानं त्याची खरी ओळख उजेडात आलीय. त्यांच्या नायकाचं नाव आर्टोरियस कास्टस. या नावाचा माणूस होऊन गेला, यात शंका नाही. क्रोएशियाच्या किनाऱ्यावर, स्प्लिटजवळ, पॉडस्ट्राना इथे चर्चच्या भिंतीत त्याचा कोरीव लेख बसवलेला होता. त्याचे फोटो काढ आणि मोठे करून बघ. सगळी नोकरी क्रमानं लिहिलीय: या लीजनमध्ये, म्हणजे रोमन पलटणीत, सेंच्युरियन हा अधिकारी, त्या लीजनमध्ये सेंच्युरियन, मग ब्रिटनमधल्या सहाव्या लीजनचा प्रीफेक्ट हा वरचा अधिकारी, मग ब्रिटनच्या फौजा घेऊन एका मोहिमेचा सेनापती. कुणाविरुद्धची मोहीम? 'आर्म' एवढं वाचता येतं आणि पुढे दगड तुटलाय. काहींनी तिथे आर्मोरिकाचे लोक वाचले, म्हणजे आजच्या वायव्य फ्रान्सचे. तसं असेल तर समुद्र ओलांडून गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सकडे, लढणाऱ्या दंतकथेतल्या आर्थरची आठवण होते. काहींनी आर्मेनियन वाचलं. तसं असेल तर आर्थरचा इथे काडीचा संबंध नाही. एका सिनेमाचा सगळा डोलारा एका भेगेवर उभा आहे, आणि ते अक्षर कुठलं हे ठरवायला दगडच शिल्लक नाही.

आणि त्याचं वय? हा माणूस २ ऱ्या किंवा ३ ऱ्या शतकातला. ४६७ मध्ये त्याला मरून निदान दोनशे वर्षं झालेली. दगड तर १९ व्या शतकापासून अभ्यासकांना ठाऊक आहे, त्याची आर्थरशी सांगड १९२० च्या दशकातच कुणी घातली होती. नव्यानं सापडलं काय? सार्मेशियन मात्र खरे. सम्राट मार्कस ऑरेलियसनं १७५ मध्ये त्यांचे ५५०० घोडेस्वार ब्रिटनला धाडले, असं रोमन इतिहासकार कॅसियस डिओ सांगतो. पण तेही १७५. कास्टसच्या लेखात त्यांचं नावही नाही. चित्रपटातला आर्थर ज्याचा चेला म्हणून दाखवलाय तो ख्रिस्ती विचारवंत पेलेजियस ४२० च्या आसपासच दिसेनासा होतो. सॅक्सन सरदार सेर्डिक जुन्या अँग्लो-सॅक्सन इतिवृत्तानुसार ४९५ मध्ये ब्रिटनमध्ये उतरतो, तोही दक्षिणेला. चित्रपट त्याला भिंतीच्या उत्तरेला उतरवतो. एकेक गोष्ट खरी, आणि कुणाचंच वय कुणाशी जुळत नाही. तुला चित्रपट खरा वाटला तो यामुळेच. खऱ्याच विटा होत्या, वेगवेगळ्या शतकांतल्या वाड्यांच्या.

'आजवर न सांगितलेली खरी कहाणी' ही अशा चित्रपटाची जाहिरातही नवी नाही बरं. ११३६ च्या सुमारास, आर्थरची गोष्ट गाजवणाऱ्या जेफ्री ऑफ मॉनमथ या लेखकानं हेच केलं. म्हणाला, ऑक्सफर्डच्या आर्चडीकन वॉल्टरनं मला ब्रिटन लोकांच्या भाषेतलं एक अतिप्राचीन पुस्तक दिलंय, मी फक्त ते लॅटिनमध्ये आणतोय. ते पुस्तक आजतागायत कुणी पाहिलेलं नाही. त्याच शतकाच्या अखेरीला विल्यम ऑफ न्यूबर्ग या इतिहासकारानं जेफ्रीला सरळ खोटारडा ठरवलं. पण लोकांनी वाचलं कुणाला? जेफ्रीला. हे मला माहीत आहे. म्हणून तर इतकं लिहितोय.

तू म्हणशील, सर, तुमचं सोपं आहे. सोपं नव्हतं. तिशीत असताना मी एका किल्ल्याच्या दंतकथेवर पटकथा लिहिली होती, निर्माता मिळाला होता, आगाऊ रक्कमही हातात आली होती. त्यांना पोस्टरवर 'सत्यकथा' हवं होतं. मी म्हटलं, 'दंतकथा' लिहा, तिच्यात काय कमी आहे? बैठकीत सगळे माझ्याकडे खुळ्यासारखे बघत राहिले. पैसे परत केले. ज्या मित्रानं मला तिथं नेलं होतं तो त्यानंतर माझ्याशी फारसा बोलला नाही, आणि तो गेला तेव्हा मी दुसऱ्या गावी होतो. त्याची सल अजून आहे. पूर्ण लांबीची पटकथा मग माझ्या हातून झालीच नाही, पुढची सगळी वर्षं तुमच्यासारख्यांना शिकवण्यात गेली. लोक म्हणतात, एका शब्दासाठी याने करिअर घालवलं. म्हणू देत. तो शब्द पोस्टरवर आला असता तर आज त्या गावातली पोरं ती गोष्ट इतिहास म्हणून एकमेकांची डोकी फोडायला वापरत असती. हे आपल्याकडे कसं होतं ते तुला मी सांगायला नको. मी बरोबर होतो. आजही तेच करीन.

जॉन बूरमनचा 'एक्सकॅलिबर' तू जुनाट म्हणून बाजूला टाकलास. १९८१ चा आहे, परत बघ. त्यातले शूरवीर लखलखीत पोलादी चिलखतात वावरतात, ५ व्या शतकात ते शक्यच नाही. पण तो चित्रपट ५ व्या शतकाचं नावच घेत नाही. तो १५ व्या शतकातल्या मॅलरी या लेखकाची गोष्ट सांगतो, १४८५ मध्ये कॅक्स्टन या मुद्रकानं छापलेली, आणि चिलखत मॅलरीच्या काळचं घालतो. त्याला वय विचारलं तर तो खरं सांगतो. जादूनं भरलेला हा चित्रपट त्या बिनजादूच्या चित्रपटापेक्षा प्रामाणिक आहे, हे तुला पटेपर्यंत मी भांडेन.

'द लास्ट लीजन' या चित्रपटाला तू हसलीस. ऐश्वर्या राय केरळची योद्धा होऊन रोमन बालसम्राटाला वाचवते, हे बघून हसू येणारच. त्या खऱ्या बालसम्राटाला, रोम्युलस ऑगस्ट्युलसला, ४७६ मध्ये गादीवरून काढणाऱ्या ओडोएसर या सेनानीनं तनखा देऊन इटलीतल्या कँपानियाला बसवलं, इतकं साधं होतं ते. पण त्या चित्रपटाचा शेवट आठव: म्हातारा गुरू लहानग्या आर्थरला हे सगळं गोष्ट म्हणून सांगतोय. गोष्टीला गोष्ट म्हटलंय. त्यावर माझा राग नाही.

आणि चित्रपटालाही वय विचारायला विसरू नकोस. २००४ च्या आर्थरच्या तोंडी माणसाच्या जन्मसिद्ध स्वातंत्र्याची जी भाषणं आहेत ती ५ व्या शतकाची नाहीत, २००४ ची आहेत. धनुष्य घेऊन लढणारी आर्थरची राणी ग्विनिव्हिअरही २००४ चीच. ती मला आवडते. तिचं वय लपवलं नसतं तर आणखी आवडली असती.

आता कामाचं. लान्सलॉटला पहिल्या पानावरून काढ, किंवा ठेवायचाच असेल तर तुझी गोष्ट १२ व्या शतकात ने आणि ती रचणाऱ्या कवीला पात्र कर. मला विचारशील तर गिल्डासला घे. त्याचं म्हणणं आहे की बेडनची लढाई झाली त्या वर्षीच तो जन्मला. त्याच्याभोवती ती लढाई लढलेली म्हातारी माणसं असणार. त्याला सगळं ऐकायला मिळालं असणार आणि त्यानं एक नाव लिहिलं नाही. का? नाव नव्हतंच, की सगळ्यांना इतकं ठाऊक होतं की लिहायची गरज वाटली नाही, की त्या माणसाचा त्याला राग होता? यातलं काहीही तू रचू शकतेस, कुणाला फसवल्याशिवाय. 'सत्य घटनेवर आधारित' ही ओळ मात्र खोडायची. त्यावर चर्चा नाही.

नवा आराखडा समासात सालं घालून पाठव. ज्या पात्रासमोर साल नसेल ते पात्र मी वाचणार नाही. तिथली थंडी सांभाळ, आणि आईला फोन करत जा; ती मला विचारत असते.

तुझा,
सर