एमटीबी सायकलला मिड-ड्राइव्ह मोटर किट घरच्या घरी बसवता येईल का?

तुमचा प्रश्न मला असा समजला: २७.५ इंची चाकांची, २१ गिअरची एमटीबी आहे. राहता नागपुरात त्रिमूर्ती नगरला, नोकरी हिंगणा एमआयडीसीत, आणि रविवारी मित्रांसोबत कधी झिल्पी तलाव तर कधी रामटेक. मोटर लावायची आहे, पण चाकातली हब मोटर नको, पायडलजवळ बसणारी मिड-ड्राइव्हच हवी. घरी बसवता येईल का, आणि आरटीओची भानगड होईल का?

बसवता येईल. हातात पाना धरायची सवय असेल तर एका सुटीच्या दिवसाचं काम आहे. पण किटची ऑर्डर टाकू नका अजून. ते किट तुमच्या फ्रेममध्ये जाईल की नाही, हे विकणारा सांगू शकत नाही आणि मीही सांगू शकत नाही. सायकल उलटी करून, हातात व्हर्नियर घेऊन ते तुम्हालाच पाहावं लागेल.

त्याआधी एक. फक्त हिंगणा रोडवरच्या रोजच्या ये-जासाठी मोटर हवी असती, तर मी सरळ सांगितलं असतं की मागच्या चाकातली हब मोटर घ्या आणि विषय संपवा. आपलं नागपूर सपाट. सेमिनरी हिल्सचा चढ सोडला तर शहरात गिअर पाडायची वेळ फारशी येत नाही. हब मोटर चेनला हात लावत नाही, गिअरशी तिचं देणंघेणं नाही, बिचारी गुपचूप चालते. तिची अडचण खऱ्या चढावर. चाक हळू फिरलं की मोटरही हळू फिरते, आणि मग बॅटरीतून येणारी वीज चाक फिरवण्यापेक्षा तारा तापवण्यात जास्त जाते. मिड-ड्राइव्हची ताकद चेनमधून मागच्या गिअरवर जाते, त्यामुळे चढावर तुम्ही हलका गिअर टाकला की मोटर आपल्या आवडीच्या वेगाने फिरत राहते आणि चाक सावकाश चढतं. रामटेकच्या गडाचा रस्ता किंवा झिल्पीच्या बाजूची गोट्यांची पायवाट, तिथे २५० वॅटची मिड-ड्राइव्ह तिच्याहून मोठ्या हब मोटरला मागे टाकते. रविवार तुमच्यासाठी महत्त्वाचा असेल तर तुमची निवड बरोबर आहे. त्याची किंमत चेन आणि फ्रीव्हील (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच) भरतात, त्यावर पुढे येतो.

आता माप. दोन्ही क्रँक ज्या नळीतून जातात, ती बॉटम ब्रॅकेटची नळी, मेकॅनिकच्या भाषेत बीबी. तिची रुंदी एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत मोजा. ६८ किंवा ७३ मिमी आली तर बाफांगची बीबीएस मालिका आणि टॉन्गशेंगची टीएसडीझेड२, ही दोन्ही मिड-ड्राइव्ह किट बसू शकतात. आत आटे असले पाहिजेत, १.३७ इंचाचे, इंचाला २४. आटे नसतील आणि बेअरिंग दाबून बसवलेलं असेल तर ती प्रेस-फिट फ्रेम, तिला वेगळा अ‍ॅडॅप्टर लागतो. आणि दिसायला एमटीबी पण क्रँक म्हणजे एकच वाकवलेला लोखंडी दांडा, डाव्या पायडलपासून उजव्या पायडलपर्यंत अखंड, असं असेल तर भोक जवळजवळ ५१ मिमीचं असतं. आपल्याकडच्या स्वस्त सायकलींत हा प्रकार बराच दिसतो. एमआयडीसीत ओळखीचा लेथवाला असेल तर तो बुश करून देईल, पण दोन्ही बाजूंचा मध्य चुकला की चेन कायमची तिरकी. अशा फ्रेमवर मी पैसे घालणार नाही.

रुंदी जमली तरी दुसरी अडचण असते, आणि ती एमटीबीलाच जास्त येते. जाड टायर मावावा म्हणून बीबीच्या लगेच मागे चेनस्टेच्या, म्हणजे बीबीपासून मागच्या चाकाच्या मध्याकडे जाणाऱ्या, नळ्या बाहेर फुगवलेल्या असतात. मोटरच्या उजव्या अंगाला गिअरचा गोल डबा असतो, तो नेमका तिथे घासतो. किटच्या पानावर मोटरचं मापांसकट रेखाचित्र असतं. त्यावरून तेवढ्या व्यासाची पुठ्ठ्याची चकती कापा आणि उजव्या क्रँकच्या मागे धरून बघा. एक-दोन मिमीचा प्रश्न असेल तर उजवीकडे वायसर टाकून मोटर बाहेर सरकवता येते. मात्र जितके वायसर उजवीकडे, तितके आटे डावीकडे कमी उरतात, आणि मोटरला धरून ठेवणारी रिंग डावीकडेच बसते.

फ्रेम पास झाली असं धरू. क्रँक काढायला क्रँक पुलर लागतो, तो विकत घ्या, महाग नाही. हातोड्याने क्रँक उतरवणारे महाभाग मी पाहिलेत, त्यांच्या हाती सायकल देऊ नका. मग बीबीचे कप. उजव्या बाजूच्या कपाला उलटे आटे असतात, म्हणजे घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर तो सुटतो. सगळ्यात जास्त झटापट इथेच होते. माणूस नेहमीच्या सवयीने उलटं जोर लावतो आणि कप आणखी आवळत जातो. दोन-तीन पावसाळे पाहिलेली सायकल असेल तर आदल्या रात्री गंजाचं तेल सोडून ठेवा आणि सकाळी पान्याला पाईप लावून ओढा. डावीकडचा कप सरळ आट्यांचा.

नळी रिकामी झाली की बोट घालून आतून फिरवा. स्वस्त लोखंडी फ्रेममध्ये वेल्डिंगचे थेंब आत आलेले असतात, ते कानसने घासून काढा. खाली गिअरच्या केबलचं प्लास्टिकचं गाइड एका स्क्रूने लावलेलं असतं. त्या स्क्रूचं टोक आत डोकावतं आणि मोटर अर्ध्यावर अडते. शिवाय त्या गाइडमधून जाणारी केबल मोटर आणि फ्रेमच्या मध्ये चेंगरते. पुढचं डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) तसंही काढावंच लागतं, कारण पुढे आता एकच चकती राहणार. उरली मागची केबल. तिला पूर्ण लांबीचं आउटर (केबलवरचं आवरण) घाला आणि चेनस्टेच्या बाजूने नेऊन झिपटायने बांधा.

मोटर उजवीकडून आत सरकते. डावीकडे दातेरी प्लेट येते, दाते फ्रेमकडे, आणि ती दोन एम५ बोल्टने मोटरला आवळली जाते. ७३ मिमीच्या फ्रेमला प्लेट आणि मोटर यांच्यात फट राहते. तिथे वायसर भरल्याशिवाय बोल्ट आवळलात तर प्लेट वाकते. त्यानंतर मोठी रिंग, आणि तिच्यावर तिला अडकवून ठेवणारी दुसरी.

इथे थोडं थांबून समजून घ्या, कारण मोटर ढिली होण्याच्या सगळ्या तक्रारी इथून निघतात. मोटर चेनला ओढते तेव्हा तिचं स्वतःचं धूड उलट्या दिशेला फिरायला बघतं, म्हणजे पुढून वर, डाऊनट्यूबकडे (हँडलकडून बीबीकडे येणाऱ्या तिरक्या नळीकडे). मोटर मधे लटकत ठेवली तर प्रत्येक वेळी पायडल मारताना ती केसभर वर, केसभर खाली होते, आणि त्या हालचालीने रिंग हळूहळू सुटते. म्हणून बसवतानाच मोटर वर ढकलून डाऊनट्यूबला टेकवा, मधे जुन्या ट्यूबचा जाड तुकडा ठेवा, आणि मग आवळा. वर टेकल्यामुळे खालचे दगडही थोडे कमी लागतात. पहिले ४०-५० किमी झाले की रिंग पुन्हा तपासा. ती थोडी तरी फिरतेच. त्यानंतर महिन्याला एकदा. खालून "कट" असा आवाज यायला लागला तर घरी येईपर्यंत थांबू नका, किटसोबतचा रिंगचा पाना पिशवीतच ठेवायचा असतो.

वायरिंगचं फार काही नाही. कनेक्टर रंगाप्रमाणे बसतात, बाणाला बाण जुळवायचा. ब्रेकचं लिव्हर दाबलं की मोटर बंद करणारा सेन्सर मात्र टाळू नका. हायड्रॉलिक ब्रेक असतील तर लिव्हर न बदलता वरून चिकटवायचा चुंबकवाला सेन्सर मिळतो. गिअर बदलताना क्षणभर मोटर तोडणारा गिअर सेन्सरही घ्या. तो नसला तर चढावर मोटर पूर्ण जोरात असताना तुम्ही गिअर टाकणार आणि चेन दात्यांवरून कडाकडा उडणार.

चेनची गोष्ट अशी की आधी तिच्यावर फक्त तुमच्या पायांचा जोर होता, आता मोटरचाही येतो. ती लवकर ताणली जाते. चेन मोजायचं गेज ठेवा आणि ०.७५ टक्क्याची खूण ओलांडायच्या आत चेन बदला, नाहीतर मागचे दातेही घेऊन जाते. तुमच्या २१ गिअरच्या सायकलला मागे सात चकत्यांचं फ्रीव्हील असणार, आणि ही चांगली बातमी आहे, कारण सात-आठ स्पीडची चेन जाड आणि स्वस्त असते. ११-१२ स्पीडच्या नाजूक चेनवर मोटर लावायला मी कोणाला सांगत नाही. वाईट बातमी अशी की हे फ्रीव्हील आट्यांवर बसतं आणि प्रत्येक चढावर मोटर ते आणखी आवळत नेते. वर्षभराने काढायला गेलात तर व्हाइसमध्ये पकडून चाक फिरवावं लागतं. मोटर लावण्याआधी एकदा काढून आट्यांना ग्रीस लावून ठेवा. आणि सिग्नलवरून निघताना सर्वांत जड गिअरवर मोटर लावू नका. बीबीएसच्या आत नायलॉनचा गिअर आहे, त्याचाही विचार करा.

बीबीएस की टीएसडीझेड२? बीबीएस फक्त पायडल फिरतंय की नाही हे बघते, टीएसडीझेड२ तुम्ही किती जोर देताय ते मोजते. गोट्यांच्या रस्त्यावर दुसरीचा स्वभाव मला आवडतो, पायाचं ऐकते. बीबीएस मात्र साधी, आणि तिचे सुटे भाग मिळायला सोपे. रोज ऑफिसला जायचं असेल तर मी बीबीएस०१ची २५० वॅट, ३६ व्होल्टवाली घेईन.

बॅटरीवर कंजुषी नको. ३६ व्होल्ट, १४ अँपिअर-अवर म्हणजे साधारण ५०० वॅट-अवर. पायडल मारत चाललात तर किलोमीटरला १० ते १२ वॅट-अवर धरा, म्हणजे ४०-५० किमी. रामटेक एका बाजूलाच जवळपास ५० किमी आहे, तेव्हा सपाटीवर मोटर बंद ठेवायची तयारी ठेवा किंवा चार्जर सोबत न्या. सुटे १८६५० मापाचे लिथियम सेल आणून घरी सोल्डरिंग करून पॅक बांधायचा व्हिडिओ बघून हात शिवशिवत असतील तर आवरा. सेलला स्पॉट वेल्डिंगच करतात, इस्त्रीसारखा तापलेला सोल्डरिंग गन तिथे चालत नाही. बीएमएस (बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारं सर्किट) असलेला तयार पॅक घ्या. चार्जर ४२ व्होल्टचाच हवा, मित्राचा ५४.६ व्होल्टचा ४८ व्होल्टच्या बॅटरीसाठी असतो. तो लावून पाहू, असं करू नका.

आणि उन्हाळा. बहुतेक लिथियम-आयन सेलना ४५ अंशांच्या वर चार्ज करायचं नसतं, आणि मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच पारा तिथे पोचतो. कंपनीच्या पत्र्याच्या शेडखाली दुपारी उभी राहिलेली सायकल किती तापते, सीटला हात लावून बघा. त्या दिवसांत बॅटरी काढून आत न्या, घरी आल्यावर ती गार होऊ द्या, आणि चार्जिंग रात्री उशिरा किंवा पहाटे, पण तुम्ही जागे असताना. पंधरा दिवस गावी जाणार असाल तर अर्धी भरलेली ठेवा. फ्रेमला ती बाटलीच्या स्टँडच्या दोनच बोल्टवर बसते आणि वजन तीन किलोच्या आसपास. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेममधले ते नटच कधी कधी गरगर फिरायला लागतात, म्हणून वरून एक पट्टा आवळा.

पावसाळ्यात झिल्पीकडची काळी माती मोटर आणि चकतीच्या मधे अशी बसते की चाक हलत नाही. ती काडीने काढा, सर्व्हिस सेंटरच्या प्रेशरच्या पाण्याने नाही. त्या पाण्याने सील ओलांडलं की मोटर उघडावीच लागते.

आरटीओचं असं. केंद्रीय मोटार वाहन नियमांत पायडलला साथ देणारी सायकल मोटार वाहन धरली जात नाही, पण अटी आहेत. मोटरची सलग ३० मिनिटं टिकणारी पॉवर ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किमीवर जाईपर्यंत मदत कमी होत जाऊन बंद, पायडल थांबलं की मोटर बंद, आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत. वजनाची काळजी सोडा. वेगाची मर्यादा डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये २५ वर ठेवा, आणि थ्रॉटल (पायडल न मारता मोटर चालवायचा अ‍ॅक्सिलरेटर) किटसोबत आला तरी जोडू नका. ७५० वॅटची घेऊन कागदावर २५० लिहिलेलं स्टिकर लावून देणारे दुकानदार भेटतील. अपघात झाल्यावर त्या स्टिकरचा उपयोग शून्य.

बीबीची रुंदी आणि उजव्या चेनस्टेचा एक फोटो टाका, मग कोणतं किट ते बघून सांगतो.