पाच किलोमीटरचे वर्तुळ आणि दवाखान्याची वाट

प्रश्न : मी नंदुरबार जिल्ह्यातील एका महाविद्यालयात बी.एस्सी. भूगोलाच्या तिसऱ्या वर्षात शिकते. प्रकल्पासाठी मी क्यूजीआयएस या नकाशे करण्याच्या संगणक-प्रणालीवर धडगाव तालुक्याचा नकाशा केला आणि प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राभोवती पाच किलोमीटरचे वर्तुळ काढले. माझ्या आत्याचे गाव त्या वर्तुळात येते. पण गेल्या पावसाळ्यात तिच्या सुनेला बाळंतपणासाठी झोळीतून डोंगरावरून खाली आणावे लागले आणि अख्खी सकाळ वाटेतच गेली. मग माझा नकाशा चुकला का? मला याच विषयात पुढे काम करायचे आहे, पण वडील बी.एड. कर म्हणतात. यात खरोखर करिअर आहे का?

उत्तर : तुमचे दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून आधी नकाशाविषयी लिहितो. वर्तुळ काढताना आपण असे गृहीत धरतो की माणूस केंद्राकडे कोणत्याही दिशेने सरळ रेषेत आणि सारख्याच वेगाने येऊ शकतो. शहाद्याच्या बाजूला, तापीकाठच्या सपाटीवर हे गृहीतक बऱ्याच अंशी चालून जाते. सातपुड्यात, जिथे समोरच्या टेकडीवरचे घर डोळ्यांना दिसते पण तिथे जायला दरी उतरून पुन्हा चढावे लागते, तिथे ते टिकत नाही. भूगोलतज्ज्ञ वॉल्डो टोबलर यांनी 1993 मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार सपाट जमिनीवर ताशी सुमारे 5 किलोमीटर चालणारा माणूस, शंभर मीटर पुढे जाताना वीस मीटर चढावे लागत असेल, तर ताशी अडीच किलोमीटरवर येतो. हा वेगही धडधाकट आणि मोकळ्या हातांनी चालणाऱ्याचा आहे. खांद्यावर झोळीचा बांबू घेऊन निसरड्या वाटेने उतरणाऱ्यांचा हिशेब त्या सूत्रात नाही.

म्हणून या क्षेत्रातील लोक आता किलोमीटरऐवजी प्रवासाचा वेळ मोजतात. तालुक्याचा पृष्ठभाग लहान लहान चौकोनांत विभागायचा, इस्रोच्या ‘भुवन’ या नकाशांच्या संकेतस्थळावर मिळणाऱ्या उंचीच्या माहितीवरून प्रत्येक चौकोनाचा उतार काढायचा आणि तो चौकोन ओलांडायला किती वेळ लागेल हे ठरवायचे : डांबरी रस्ता असेल तर जीपचा वेग, पायवाट असेल तर पायी, आणि पूल नसलेला नाला असेल तर पावसाळ्यात वाट बंद. मग संगणक प्रत्येक चौकोनापासून केंद्रापर्यंतची सर्वांत कमी वेळाची वाट शोधून देतो. जागतिक आरोग्य संघटनेचे ‘अ‍ॅक्सेसमॉड’ हे मोफत साधन नेमके याच कामासाठी आहे आणि क्यूजीआयएस येणाऱ्या विद्यार्थिनीला ते शिकणे अवघड नाही. मात्र कोणता चौकोन कोणत्या महिन्यात ओलांडता येतो, हे साधन सांगू शकत नाही. ते तिथल्या माणसांना विचारूनच भरावे लागते. त्यामुळे एकाच तालुक्याचे दोन नकाशे करा, एक मे महिन्याचा आणि एक ऑगस्टचा. नर्मदेच्या बुडीत क्षेत्रात आणखी एक बारकावा आहे. तिथल्या गावांसाठी तरंगता दवाखाना आणि बोटी असल्याने इतरत्र अडथळा ठरणारे पाणी तिथे रस्ता होते. हे माहीत नसलेल्या माणसाने दूर बसून केलेला नकाशा त्या गावांना एक तर पूर्ण वगळेल किंवा पूर्ण चुकीचे दाखवेल.

तुमच्या नकाशात दुसरी एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. तुम्ही महसुली गाव एका बिंदूने दाखवले असणार, कारण जनगणनेची आकडेवारी गावनिहाय मिळते. पण धडगाव-अक्कलकुव्याकडचे गाव म्हणजे एकमेकांपासून लांब विखुरलेले पाडे. एक पाडा रस्त्याला लागून, तर दुसरा दोन टेकड्यांपलीकडे. बिंदू वर्तुळात आला की सगळे पाडे ‘सुविधेच्या आत’ धरले जातात. तुमच्या आत्याचे घर गावच्या बिंदूपासून किती दूर आहे ते एकदा मोजून पाहा. नकाशा आणि अनुभव यांच्यातील तफावतीचा मोठा भाग बहुधा तिथेच सापडेल. 2011 च्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत प्रत्येक गावापासून आरोग्य सुविधा 5 किलोमीटरच्या आत, 5 ते 10 किलोमीटरवर की त्याहून दूर, असे गट दिलेले आहेत. सुरुवातीला ते उपयोगी पडतात, पण तेही गावाचेच अंतर आहे, पाड्याचे नव्हे.

ही विषमता कशातून येते, हेही समजून घ्यायला हवे. आपल्याकडे आरोग्य केंद्रे मुख्यतः लोकसंख्येच्या निकषावर मंजूर होतात : सपाट भागात 5,000 लोकांमागे एक उपकेंद्र आणि 30,000 लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगराळ व आदिवासी भागात हेच आकडे 3,000 आणि 20,000 असे खाली आणले आहेत. ही सवलत योग्यच आहे, पण वस्ती जिथे फार विरळ असते तिथे 20,000 लोक भरायलाच एवढा मोठा मुलूख लागतो की निकष पूर्ण होऊनही शेवटच्या पाड्यापासून केंद्र अर्ध्या दिवसाच्या वाटेवर राहते. कागदावर तालुका परिपूर्ण असतो आणि बाई वाटेत बाळंत होते. हे अधिकाऱ्यांना शब्दांत सांगून पटत नाही, आकड्यांच्या तक्त्यात दिसत नाही, पण प्रवासाच्या वेळेचा नकाशा समोर ठेवला की नाकारता येत नाही. मला या विद्येचे मोल वाटते ते यासाठी.

कोणत्या उपचारासाठी नकाशा करता, यावरही सगळे अवलंबून आहे. तापाची गोळी उपकेंद्रातही मिळेल. शस्त्रक्रियेने बाळंतपण करायचे तर भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृह आणि रक्तसाठा असलेले रुग्णालयच लागते. प्रसूतीनंतरचा तीव्र रक्तस्राव उपचाराविना साधारण दोन तासांत जीव घेऊ शकतो, म्हणून अशा नकाशांत दोन तासांची मर्यादा घेतात. तुमच्या तालुक्यात तापासाठीचा आणि अडलेल्या बाळंतपणासाठीचा असे दोन नकाशे शेजारी ठेवले, तर ते एकाच जागेचे वाटणार नाहीत. वाहनाचा फरकही असाच मोठा आहे. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार वाहन हाताशी असेल तर जगातील 8.9 टक्के लोक एका तासात दवाखान्यापर्यंत पोहोचू शकत नाहीत. पायीच जायचे असेल तर हे प्रमाण 43.3 टक्के होते. महाराष्ट्रात 108 क्रमांकाची रुग्णवाहिका 2014 पासून आहे, परंतु ती रस्त्यापर्यंतच येते आणि तिला बोलावायला मोबाइलला रेंज लागते. तुमच्या नकाशात रेंज कुठे मिळते हाही एक थर असू द्या.

काही गोष्टी मात्र नकाशात येत नाहीत. डॉक्टरचे पद रिक्त आहे, परिचारिकेला पावरी ही तिथली बोली समजत नाही, एका फेरीसाठी दिवसाची मजुरी बुडते, मागच्या वेळी कोणी तरी घालून पाडून बोलले, या कारणांनी माणसे जवळच्या दवाखान्यातही जात नाहीत. मुंबईत गोवंडीसारख्या वस्तीत अंतर ही मुख्य अडचणच नसते; तिथे रांग, खर्च आणि खाटांची संख्या मोजावी लागते. म्हणून नकाशासोबत लोकांशी बोलण्याची शिस्तही शिकायला हवी.

आता शिक्षणाचे. ‘आरोग्य-भूगोलतज्ज्ञ’ अशा नावाची जाहिरात तुम्हाला क्वचितच दिसेल आणि वडिलांची काळजी त्यातूनच आली असावी. काम आहे, पण ते वेगवेगळ्या नावांखाली विखुरलेले आहे : सार्वजनिक आरोग्याच्या संशोधन प्रकल्पांत, स्वयंसेवी संस्थांत, नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्रासारख्या शासकीय यंत्रणांत आणि आरोग्य विभागाच्या कंत्राटी पदांवर. संगणकावर नकाशे करणाऱ्या खासगी जीआयएस कंपन्यांत नोकरी तुलनेने लवकर लागते, पण तिथे सुरुवातीची वर्षे बहुतेकदा रस्ते आणि इमारती रेखाटण्यात जातात. तुमचा कल पाहता त्यात अडकून पडू नये, असे माझे मत आहे.

माझी पहिली पसंती अशी : आधी भूगोल किंवा जिओइन्फर्मॅटिक्समध्ये (संगणकावर भौगोलिक माहिती हाताळण्याचे शास्त्र) एम.एस्सी. करावी. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा भूगोल विभाग हा शुल्काच्या दृष्टीने परवडणारा पर्याय आहे. सिंबायोसिसची जिओइन्फर्मॅटिक्स संस्थाही चांगली, पण ती खासगी असल्याने खर्चाचा विचार करावा लागेल. लोकसंख्या आणि आरोग्याच्या आकडेवारीकडे ओढा जास्त असेल तर मुंबईतील देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था जरूर पाहा. सार्वजनिक आरोग्यातील पदव्युत्तर पदवी, उदाहरणार्थ टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतील, एक-दोन वर्षे क्षेत्रात काम केल्यावर घेतली तर तिचा जास्त उपयोग होईल, कारण तोवर तुमचे प्रश्न पक्के झालेले असतील. डेहराडूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेचे ऑनलाइन अभ्यासक्रम विनामूल्य असतात. ते आजच सुरू करता येतील. संख्याशास्त्र मात्र टाळू नका. भूगोलाचे अनेक विद्यार्थी तिथेच मागे पडतात.

वडिलांना विरोध करण्याची गरज मला दिसत नाही. बी.एड. एम.एस्सी.नंतरही करता येते आणि तेव्हा वरच्या वर्गांना शिकवण्याची वाटही खुली राहते. हा क्रम आणि दोन वर्षांचा अंदाजे खर्च कागदावर लिहून त्यांच्यासमोर ठेवा. त्यांची हरकत विषयाला नसून अनिश्चिततेला असेल, तर त्याने बरेच काम होईल.

प्रवेशापूर्वीच्या महिन्यांत एकच काम करा. आत्याच्या गावचे आरोग्य केंद्र घ्या, आशाताईंसोबत प्रत्येक पाड्यापासून केंद्रापर्यंत चालत जा, मोबाइलच्या जीपीएसवर वाट आणि वेळ नोंदवा, आणि त्या खऱ्या वेळांशी संगणकाचा नकाशा ताडून पाहा. ओपनस्ट्रीटमॅप या कोणालाही भर घालता येणाऱ्या मोफत नकाशावर नसलेल्या पायवाटा तिथे भरा, म्हणजे त्या पुढच्या प्रत्येकाला उपलब्ध होतील. मात्र तालुका आरोग्य अधिकाऱ्यांची लेखी परवानगी आधी घ्या. गरोदर बायकांची नावे किंवा घरांचे बिंदू कोणत्याही नकाशावर येऊ देऊ नका. दहा घरांच्या पाड्यात एक बिंदू म्हणजे नाव सांगण्यासारखेच आहे, म्हणून पाड्यापेक्षा बारीक माहिती तुमच्या वहीतच राहू द्या. काम झाले की अधिकाऱ्यांना नकाशासोबत एक पानाचे निवेदन द्या आणि त्यात मागणी नेमकी ठेवा : कोणत्या पाड्यांतील बायकांना पावसाळ्यात बाळंतपणाच्या तारखेआधीच माहेरघरात (आरोग्य केंद्राजवळ गरोदर बायकांच्या राहण्याची सोय) आणून ठेवावे लागेल आणि कोणत्या नाल्यावर साकव झाला तर किती पाड्यांची वाट दोन तासांच्या आत येईल.