पांढरा गोळा आधी मळ

पहिल्यांदाच करते आहेस, तर ख्रिसमस ट्रीला टांगायचा साधा पांढरा तारा कर. पांढरी पॉलिमर क्ले, म्हणजे ओव्हनमध्ये भाजायची प्लास्टिकची माती, सगळ्यात आधी मळ. लाल रंग बोटांना लागला की पांढऱ्यावर उतरतोच, स्वेटरचा बारीक तंतूही त्यात उठून दिसतो. अगदी मऊ होऊ दे, नाहीतर कडांना चिरा पडतात. दोरीचं भोक भाजण्याआधीच स्ट्रॉने पाड, कडेपासून जरा आत.

तापमान पाकिटावरचंच ठेव, बहुतेक 110 ते 130 अंश सेल्सिअस. ओटीजी ओव्हनच्या बटणावर विसंबू नकोस, आत वेगळा थर्मामीटर ठेव. माझे सहा तारे तसेच करपले होते. बाहेर काढल्यावर तारा लवचिक लागेल, घाबरू नकोस, गार झाला की कडक होतो. आणि ज्याने क्ले लाटशील ते लाटणं परत पोळ्यांना घेऊ नकोस गं.